डोंगरी ते मलेशिया : झाकीर नाईक

मुंबईच्या डोंगरीत १९६५ साली जन्मलेले झाकीर नाईक हे मदरशातून घडलेले मौलवी नव्हेत, तर एमबीबीएस डॉक्टर. १९९१ मध्ये त्यांनी इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढले.

अंगात सूट-टाय, डोक्यावर गोल टोपी आणि अस्खलित इंग्रजी. कुराण, बायबल, वेद यांतले अध्याय-श्लोकांचे क्रमांक ते भाषणांत घडाघडा म्हणून दाखवत. प्रश्न विचारणारा गप्प झाला की टाळ्यांचा कडकडाट. पाठांतरालाच विद्वत्ता समजण्याची चूक इथे अनेक सुशिक्षितांनी केली. २००६ पासून ‘पीस टीव्ही’ने ही भाषणे घरोघर नेली. चिथावणीखोर वक्तव्यांमुळे ब्रिटनने २०१० मध्ये त्यांना प्रवेश नाकारला, तर सौदी अरेबियाने २०१५ मध्ये किंग फैजल पुरस्कार दिला.

जुलै २०१६ मध्ये ढाक्यातील बेकरीत २० ओलिसांची हत्या झाली. एका हल्लेखोराने फेसबुकवर नाईक यांचा दाखला दिल्याचे समोर आले. हिंसेला चिथावणी दिल्याचा आरोप नाईक यांनी फेटाळला. नोव्हेंबरात केंद्राने त्यांच्या संस्थेवर बंदी घातली. २०२१ मध्ये ती पाच वर्षांनी वाढवली. दरम्यान नाईक मलेशियात स्थायिक झाले. तिथल्या हिंदू आणि चिनी वंशाच्या नागरिकांबद्दल वादग्रस्त बोलल्यावर २०१९ मध्ये तिथेही भाषणबंदी आली.

नाईक कोकणी मुसलमान; पण कोकणी मुसलमानांची ओळख अशा माणसावरून ठरवणे हा धडधडीत अन्याय आहे. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या महाड परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी स्वतःची जमीन दिली. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले.