वय झालं म्हणून संमतीचा हक्क जात नाही

गैरसमज : उतारवयात उपचारांचा निर्णय मुलांनीच घ्यायचा असतो.

वस्तुस्थिती : खाटेवर आजी पूर्ण शुद्धीवर असतात, तरी शस्त्रक्रियेचं संमतीपत्र मुलाच्या हाती जातं. त्याची सही झाली की काम भागलं, असं सगळेच धरून चालतात. कायदा तसं मानत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये स्पष्ट केलं, की जाणती प्रौढ रुग्ण भुलीखाली असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर तिच्या आईची संमतीही पुरत नाही. या तत्त्वाला वयाची वरची मर्यादा नाही. बिल मुलगा भरतो, सेवा सून करते, मग त्यांना विचारायचंच नाही का? जरूर विचारावं, पण त्यांची अडचण आजींसमोर मांडावी, त्यांना वगळून निकाल लावू नये.

गैरसमज : विसराळू माणसाला काय कळणार, आणि आजार सांगितला तर तो खचेल.

वस्तुस्थिती : निर्णयक्षमता त्या-त्या निर्णयापुरती तपासायची असते. बँकेचे व्यवहार न झेपणारी व्यक्तीही ‘माझा पाय कापू नका’ हे समजून-उमजून सांगू शकते. सोडियम उतरल्यानं बरळणारे आजोबा उपचारांनंतर भानावर येऊ शकतात. कानाचं यंत्र घरी राहिलेल्यांना तर नुसतं ऐकू येत नसतं. थांबणं शक्य असेल तर थांबावं आणि पुन्हा विचारावं. निदान लपवण्यामागे माया असते, पण केमोथेरपी कशासाठी हेच ठाऊक नसेल तर होकाराला अर्थ काय? ‘मला नको, मुलीला सांगा’ हेही रुग्णानंच ठरवायचं.

गैरसमज : व्हेंटिलेटर नाकारणं म्हणजे जीव घेणं.

वस्तुस्थिती : बरं होण्याची आशा नसताना कृत्रिम जीवनाधार थांबवायला आणि तशी इच्छा आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये मान्यता दिली. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणं मात्र आजही गुन्हा आहे. २०२३पासून हे ‘लिव्हिंग विल’ दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतं. वारसदार गैरफायदा घेतील ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच अंमलबजावणीआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. यंत्र थांबलं तरी वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहते. आणि आईवडिलांनी वेळेत लिहून ठेवलं असेल, तर अतिदक्षता विभागाबाहेर मुलांना त्यांच्या वतीनं अंदाज बांधत बसावं लागत नाही.