गॅस गिझरमधील ज्योत-संवेदक : कार्य, तपासणी व बदल

प्रस्तावना :
शीत प्रदेशांत घर उबदार ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅस भट्टीची सातारा व सांगली जिल्ह्यांत सहसा गरज पडत नाही. तथापि त्या भट्टीतील ज्योत-संवेदक ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावरील संवेदक येथील अनेक घरांतील व वसतिगृहांतील गॅस गिझरमध्ये असतो. 'गिझर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो' ही तक्रार पुष्कळदा त्याच्याशी निगडित असते. हा दोष त्रासदायक वाटला, तरी मुळात तो सुरक्षिततेचा संकेत आहे.

कार्यतत्त्व :
ज्योतीतील वायू आयनीभूत असल्यामुळे तीमधून अत्यल्प विद्युतप्रवाह वाहू शकतो. संवेदकाची धातूची कांडी ज्योतीत उभी असते. नियंत्रक तिला सामान्यतः प्रत्यावर्ती दाब देतो. कांडीचे पृष्ठफळ बर्नरच्या मानाने फार लहान असल्याने प्रवाह प्रामुख्याने एकाच दिशेने वाहतो. तो मायक्रोअँपिअरमध्ये मोजला जातो. ओलावा किंवा तारेचा चुकीचा जोड दोन्ही दिशांनी प्रवाह वाहू देतो. त्यामुळे नियंत्रक त्यास ज्योत समजत नाही. शंका आली की गॅसची झडप बंद, हा या रचनेचा गाभा होय.

तपासणी :
ठिणगी पडूनही ज्योत पेटतच नसेल, तर दोष बहुधा अन्यत्र असतो. प्रथम दोन्ही सेल बदलावेत आणि पाण्याचा दाब व सिलिंडर पाहावा. त्यानंतरही पेटलेली ज्योत विझत असेल, तर संवेदकाकडे वळावे. रेग्युलेटर व पाणी बंद करून, सेल काढून, गिझर थंड झाल्यावरच तंत्रज्ञाने आवरण उघडावे. कांडीवरील काजळी बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढून ती कोरड्या कापडाने पुसावी. तार नियंत्रकापासून सोडवून मल्टिमीटरने दोन मापे घ्यावीत. तारेच्या टोकापासून कांडीपर्यंतचा रोध शून्याजवळ असावा. कांडी व गिझरचे धातूचे अंग यांच्यात मात्र वहन मुळीच नसावे. असे वहन आढळल्यास चिनीमातीचा विरोधक तडकलेला किंवा दमट असतो. महाबळेश्वरसारख्या अतिपावसाच्या ठिकाणी ही शक्यता विशेष ध्यानात घ्यावी. सांगलीतील अनेक वस्त्यांत २००५, २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी शिरले होते. अशा पाण्यात बुडालेला गिझर केवळ वाळवून पेटवणे धोक्याचे असते.

बदल :
नवा संवेदक त्याच नमुन्याचा, त्याच लांबीचा व त्याच बाकाचा असावा. कांडीचे टोक ज्योतीतच राहिले पाहिजे. जोडणीनंतर गॅसचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. अंतिम चाचणी उलट्या मार्गाने घ्यावी : सर्व बंद असताना संवेदकाची तार सोडवून ठेवावी आणि मग गिझर सुरू करावा. ज्योत पेटून काही सेकंदांत विझली पाहिजे. ती जळतच राहिली, तर झडप अथवा नियंत्रक सदोष आहे आणि असा गिझर वापरू नये. ज्योत विझल्यास पुन्हा सर्व बंद करून तार पूर्ववत जोडावी.

मर्यादा व समारोप :
संवेदक न जळलेला गॅस कोंडू देत नाही. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याला ओळखता येत नाही. हा वायू रंगहीन व गंधहीन असून हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने संयोग पावतो. बंद न्हाणीघरात संवेदक निर्दोष असतानाही प्राण जाऊ शकतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवणे श्रेयस्कर. वसतिगृहांच्या वार्षिक देखभालीत संवेदकाच्या उलट चाचणीसोबत वायुवीजनाची पाहणीही व्हावयास हवी. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.