चलत्‌चित्रावरील स्थिर आच्छादन : तंत्र, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
क्षेत्रीय मुलाखती, लोककलांचे दस्तऐवजीकरण, प्रयोगांचे चित्रण अशा कामांसाठी प्राध्यापक व विद्यार्थी आता स्वतःच चित्रीकरण आणि संकलन करतात. संकलनातील एक जुने व सोपे साधन म्हणजे स्थिर आच्छादन. सॉफ्टवेअरमध्ये त्यास 'मास्क' किंवा 'मॅट' म्हणतात. त्याच्या सोपेपणामुळे त्याची मर्यादा मात्र दुर्लक्षित राहते. या तंत्राचे स्वरूप आणि ही मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
हे तंत्र संगणकापेक्षा जुने आहे. एडविन पोर्टर यांच्या १९०३ मधील 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' या मूकपटात तारघराच्या खिडकीतून आगगाडी येताना दिसते. खोली आणि गाडी यांचे चित्रण वेगवेगळे झाले होते. खिडकीपुरता भाग झाकून ठेवून नंतर तेथे गाडीचे दृश्य उमटविण्यात आले. भारतात दादासाहेब फाळके यांनी 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांतून युक्तिछायाचित्रणाची परंपरा रुजविली.

तंत्राचे स्वरूप :
आच्छादन म्हणजे चित्रचौकटीच्याच आकाराचे एक कृष्णधवल चित्र होय. चौकट १९२० × १०८० बिंदूंची असल्यास आच्छादनही तेवढेच असावे. जेथे ते पांढरे असेल तेथे वरच्या थराचे चित्र दिसते. जेथे काळे असेल तेथे खालच्या थराचे. करड्या भागात दोन्हींचे मिश्रण होते. म्हणूनच कडा किंचित करड्या ठेवल्यास जोड लपतो. 'प्रीमियर'मध्ये 'ट्रॅक मॅट की' या इफेक्टद्वारे, तर 'शॉटकट' या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये फाइलमधून मास्क घेणाऱ्या फिल्टरद्वारे हे साध्य होते.

उदाहरणार्थ, मुदखेड हे नांदेड–सिकंदराबाद मार्गावरील जंक्शन असून तेथून आदिलाबादकडे फाटा जातो. आवश्यक ती परवानगी घेऊन तेथे येणाऱ्या गाडीचे चित्रण करावे. महाविद्यालयातील एका खोलीचे, खिडकीसह, स्वतंत्र चित्रण करावे. गाडीचा थर खाली, खोलीचा वर ठेवून खिडकीचा भाग आच्छादनात काळा करावा. पोर्टर यांचे दृश्य आपल्या वर्गात साकार होते. दोन्ही वेळी कॅमेरा तिपाईवर अचल असावा आणि उजेडाची दिशा जुळावी, एवढेच पथ्य.

मर्यादा :
याच दृश्यात एखादा विद्यार्थी खिडकीसमोरून चालत गेला, तर त्याचा खिडकीवर येणारा भाग अदृश्य होतो व तेथे गाडी दिसते. कारण स्पष्ट आहे : स्थिर आच्छादन चौकटीतील जागा ओळखते, त्या जागी कोण आहे हे ओळखत नाही.

खिडकीच्या बाबतीत हा दोष केवळ हास्यास्पद ठरतो. परंतु ओळख गुप्त ठेवण्याचे वचन देऊन घेतलेल्या मुलाखतीत तो गंभीर ठरतो. निवेदकाच्या चेहऱ्यावर स्थिर पट्टी ठेवली आणि बोलता बोलता तो पुढे झुकला, तर चेहरा उघडा पडतो. सेकंदाला २५ चौकटी या गतीने दहा मिनिटांच्या मुलाखतीत १५,००० चौकटी असतात. एका चौकटीत चेहरा दिसला तरी पाहणारा तेथेच चित्र थांबवू शकतो. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख प्रकट होऊ नये, यासाठी २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम २३ मध्ये प्रसारमाध्यमांवर निर्बंध आहेत. इतर निवेदकांच्या बाबतीतही दिलेल्या शब्दाचे मोल कमी नाही.

यावर उपाय आहेत. चेहऱ्याबरोबर सरकणारे आच्छादन वापरावे. मात्र स्वयंचलित मागोवाही चुकतो, म्हणून संपूर्ण चित्रण सावकाश तपासावे. धूसरपणापेक्षा अपारदर्शक पट्टी अधिक सुरक्षित असते. आवाज, घराची पाटी, वाहनाचा क्रमांक यांचाही विचार करावा. सर्वांत उत्तम म्हणजे निवेदकास पाठमोरे बसवून चित्रण करावे. प्रकल्पाची फाइल वा मूळ चित्रण इतरांस देऊ नये; त्यातील आच्छादन एका क्लिकने दूर होते.

निष्कर्ष :
स्थिर दृश्यासाठी स्थिर आच्छादन हे स्वस्त व विश्वसनीय साधन आहे. हलत्या माणसाची ओळख झाकण्यासाठी मात्र त्यावर विसंबू नये. विद्यार्थ्यांना हे तंत्र शिकविताना हा भेदही शिकविला जावा.