चाकू म्हातारा कशाने होतो?

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत अडगळीच्या डब्यात घडीचा चाकू सापडतो. पाते पोलादाचे, मूठ पितळेची. गारखेडा परिसरातल्या घरांतून आणि भंगारवाल्यांकडून मी असे नऊ चाकू जमवले आणि न घासता भिंगाखाली पाहिले. त्यावरून माझे मत असे झाले की, चाकूला वापर जेवढा झिजवतो, त्याहून जास्त आपण घेतलेली निगा झिजवते.

आधी मूठ पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेने ते तपकिरी पडते. पण जिथे अंगठा आणि तळवा रोज घासतो, तिथे उजळ राहते. चाकू डावखुऱ्याचा होता की उजव्या हाताचा, हे या उजळ डागावरून बहुधा कळते. खिशातल्या स्टीलच्या नाण्यांनी आणि किल्ल्यांनी मऊ पितळेवर बारीक चरे पडतात, कडा गोलावतात. ही झीज वरवरची असते.

पात्याचे तसे नाही. हॅरी ब्रेअर्ली याने शेफील्डमध्ये 1913 साली गंजरोधक पोलाद तयार केले. पण माझ्याजवळची सगळी पाती साध्या पोलादाची आहेत. कैरी, सुपारी कापली की त्यांतले टॅनिन लोखंडाशी संयोग पावते आणि पाते निळसर काळे होते. हा डाग म्हणजे गंज नव्हे. तो पातळ आणि घट्ट बसलेला थर असतो, घाबरून घासून काढण्याचे कारण नाही. तांबडा गंज मात्र भुसभुशीत असतो, ओल धरून आत खात जातो. त्याची सुरुवात बहुधा सांध्याजवळ होते. घामातले मीठ आणि पावसाळी दमटपणा यांमुळे पितळ व पोलाद जिथे भिडतात, तिथे सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि त्यात पोलादाचा बळी जातो.

सांध्याचा दुसरा शत्रू धूळ. तिच्यातले क्वार्ट्झचे कण पोलादाहूनही कठीण असतात. त्यावर तेल सोडले की पॉलिश पेपरसारखा लगदा होतो, रिव्हेटचे भोक लांबट होते आणि पाते डुलू लागते. अडकित्त्याचेही तसेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे गेलात तर नक्षीबरोबर सांधाही पाहा.

आता निगेकडे वळू. धारवाल्याच्या चाकावर उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे पात्याचेच कण. महिनोन् महिने फळे कापून जात नाही एवढे पोलाद तिथे मिनिटभरात जाते. धार तापून निळी पडली तर तिचे पाणी उतरते, ती लवकर बोथट होते आणि पुन्हा चाकावर जाते. पाते अरुंद होत टोक पाठीकडे सरकते आणि चाकू मिटला तरी मुठीबाहेर डोकावते. असा चाकू खिसा फाडतो, बोटही.

मुठीचे नुकसान चिंच करते. तिच्या आम्लाने काळेपणा जातो. पण वस्तू रात्रभर भिजत ठेवली, तर जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी दिसू लागते. पॉलिशच्या चाकावर तर ठसाच बुजतो. माझ्या नऊपैकी तीन मुठींवर कारागिराचा किंवा गावाचा ठसा वाचता येतो. दोघींवर नुसती सावली उरली आहे. या कारागिरांनी वह्या ठेवल्या नाहीत. चाकू कुठे घडला याचा पुरावा म्हणजे ती दोन-चार अक्षरे.

करायचे ते थोडेच आहे. वापरानंतर कोरड्या फडक्याने पुसावे. सांध्यातली धूळ ब्रशने काढून मगच शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. धार बारीक दगडावर पाणी घालून हाताने लावावी. आणि दिवाळीच्या साफसफाईत असा चाकू निघाला, तर चिंचेच्या पाण्यात टाकण्याआधी मुठीवरची अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत.