शोरूममधली छोटी मोटार

१९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत मोटारीचं नवं मॉडेल बाजारात आलं की डीलरच्या टेबलावर तिची हुबेहूब छोटी प्रतिकृतीही यायची. प्रमाण साधारण १:२५, रंगही मूळ गाडीचेच. गिऱ्हाइकाच्या मुलांच्या हाती ती पडायची. संग्राहक तिला ‘प्रोमो’ म्हणतात. १९४८मध्ये सुरू झालेली एएमटी ही यातली नावाजलेली कंपनी. तिची सुरुवात अ‍ॅल्युमिनियमच्या मोटारींनी झाली, पुढे प्लास्टिक आलं.

जुना प्रोमो घेताना तो सपाट काचेवर ठेवून बाजूने पाहा. सुरुवातीचं अ‍ॅसिटेट प्लास्टिक काळानुसार आकसतं, वाकतं. बॉनेट खचलेलं आणि बंपर वर उचललेला दिसतो. हा बाक सरळ करायच्या फंदात पडू नये, तुकडा पडतो. साठच्या दशकात पॉलिस्टायरीन आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. मऊ टायर मात्र तेव्हाही घातकच: वर्षानुवर्षं टेकून राहिले तर प्लास्टिकवर वितळल्यासारखा डाग पाडतात.

मूळ खोका असेल तर किंमत चांगलीच वाढते, तेव्हा फाटका असला तरी टाकू नका. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रोमो खिडकीजवळ किंवा पोटमाळ्यावर कधीही ठेवू नका.