विषुववृत्तावरचा पाऊस नुसत्या उन्हाने पडत नाही

शाळेच्या भूगोलात विषुववृत्तावरच्या पावसाचे गणित सोपे असते: ऊन कडक, हवा तापून वर जाते, थंड होते आणि दुपारनंतर रोज पाऊस कोसळतो. हाच आरोह पाऊस. पण नकाशावर तीच रेषा धरून पूर्वेकडे सरकले की हे गणित फसते. काँगोच्या खोऱ्यात वर्षाला १५०० ते २००० मिलिमीटर पाऊस पडतो. सोमालियात किस्मायोच्या किनाऱ्यावर त्याच्या जेमतेम चौथाई. ऊन दोन्हीकडे भरपूर, शिवाय किस्मायोला समुद्र दाराशी. म्हणजे उष्णता लागतेच, पण हवेत वाफ किती आणि ती वर चढते की नाही, यावर सारे ठरते.

काँगोला ही वाफ सहज मिळत नाही. खोऱ्याच्या मधोमध असलेल्या किसांगानीपासून दोन्ही महासागर दीड हजार किलोमीटरहून लांब. पूर्वेला डोंगरांची भिंत. पश्चिमेला अटलांटिक, पण जून ते ऑगस्टमध्ये त्याचे पाणी गार असते. त्यावरून आलेली हवा गाबोनवर करडे ढग अंथरते, पाऊस क्वचितच देते. मग उरते जंगल. झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांतून हवेत सोडतात आणि तेच पुन्हा पाऊस होऊन येते. पावसात या परतफेडीचा वाटा किती, यावर संशोधकांचे एकमत नाही, पण तो किरकोळ आहे असे कोणी म्हणत नाही. आणि हा पाऊस पाठ्यपुस्तकातल्यासारखा जागच्या जागीही पडत नाही. पूर्वेच्या डोंगरांवर दुपारी उभे राहिलेले वादळी ढग जथ्याने पश्चिमेकडे निघतात आणि खोऱ्याच्या मध्यावर रात्री-पहाटे कोसळतात, तेही प्रचंड विजांसह.

पाऊस आहे म्हणून जंगल आहे, उलटे नव्हे, असा आक्षेप येईल. तो अर्धा खरा आहे. पावसाचा पट्टा सूर्यामागे उत्तर-दक्षिण फिरतो, म्हणून मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे दोन पावसाळे होतात. त्यात झाडांचा हात नाही. २०१९ च्या अखेरीस हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला आणि काँगो व उबांगी नद्यांना मोठे पूर आले, तेव्हा जंगल काही वाढले नव्हते. पण ॲमेझॉनपेक्षा कमी पावसावर जगणाऱ्या या जंगलाला तूट सोसण्याची सवलतही कमी. इथे झाडे तोडली, तर वाऱ्याच्या वाटेवरच्या पुढच्या प्रदेशाची वाफही कमी होणार. किती, ते नेमके सांगता येत नाही, कारण १९६० नंतर इथली पर्जन्यमापक केंद्रे एकामागून एक ओस पडली. जंगल आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण सतत मोजणारा मनोरा काँगोच्या खोऱ्यातल्या यांगांबीत उभा राहिला, तो थेट २०२० मध्ये.