भाकरी मोडते कां?

ज्वारीस भाव नाहीं ही आपली तक्रार जुनी आहे, आणि ती खरीही आहे. परंतु ज्वारीचें पहिलें गिऱ्हाईक म्हणजे आपलें स्वतःचें घर होय, आणि तेंच आतां गव्हाच्या पोळीकडे वळत चाललें आहे, हें आपण क्वचितच बोलून दाखवितों. कारण विचारलें तर सासवा म्हणतात, "सुनेला भाकरी येत नाहीं;" सुना म्हणतात, "भाकरी मोडते;" आणि शहरांत शिकावयास राहिलेला मुलगा तर भाकरीची गोष्टच काढीत नाहीं. वास्तविक भाकरीस आंबवण लागत नाहीं, तेल लागत नाहीं, लाटणें लागत नाहीं. पीठ, पाणी आणि तवा एवढ्या सामग्रीवर थोड्या वेळांत ताजें अन्न पानांत पडतें. इतकी साधी वस्तु अवघड कां वाटावी? आमच्या मतें कारण हें, कीं भाकरीची कृति घरोघर पाहून शिकली गेली. तिच्यामागील कारण मात्र कोणी सांगितलें नाहीं. ज्याचा हात लहानपणींच वळला त्यास कारणाची गरज पडली नाहीं. ज्याचा वळला नाहीं त्यास तें सांगितलें पाहिजे.

गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळलें म्हणजे त्यांतील प्रथिनांपासून ग्लुटेन नांवाचा चिवट चिकटा तयार होतो. तो ताणला असतां तुटत नाहीं, म्हणून कणीक लाटतां येते. ज्वारीच्या पिठांत हा चिकटा होत नाहीं. थंड पाण्यांत तें कितीही मळलें तरी थापतांना कडा चिरतात आणि उचलतांना भाकरीचे दोन तुकडे होतात. मग ज्वारीस धरून ठेवणारें काय? तर तिच्यांतील पिष्ट. पाणी सुमारें ७० अंश सेंटिग्रेडच्या पुढें तापलेलें असलें म्हणजे पिष्टाचे कण तें शोषून फुगतात आणि कपड्याच्या खळीसारखे चिकट होतात. तेव्हां भाकरी मोडण्यावर पहिला उपाय म्हणजे कढत पाणी.

नवशिक्यानें पुढीलप्रमाणें करावें. वाटीभर पीठ चाळून परातींत घ्यावें व मध्यें आळें करावें. पाणी चांगलें उकळूं द्यावें. वाटीभर पिठास पाऊण ते एक वाटी पाणी लागतें. पीठ जितकें कोरडें व बारीक तितकें अधिक. चिमूटभर मीठ टाकून पाणी आळ्यांत ओतावें, उलथन्यानें कालवावें आणि पांच मिनिटें झांकून ठेवावें. हात सोसेल इतकें निवालें म्हणजे तळहाताच्या टाचेनें रगडून मळावें. गोळा दाबला असतां कडेस भेग पडली नाहीं कीं मळणें पुरें झालें. भेग पडल्यास पाण्याचा हात लावून पुन्हां मळावें. सगळें पीठ एकदम मळून न ठेवतां एका भाकरीपुरता गोळा घेऊन तेवढाच पुन्हां मळावा, म्हणजे तो मऊ राहतो.

परातींत कोरडें पीठ पसरून त्यावर गोळा ठेवावा आणि बोटांनीं थापीत फिरवीत न्यावा. भाकरी फिरेनाशी झाली तर खालचें पीठ कमी पडलें असें समजावें. तवा असा तापलेला असावा कीं पाण्याचा थेंब पडतांच चुरकन् उडून जावा. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी तव्यावर टाकावी आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवावा. ह्या पाण्यानें वरचें सुटें पीठ बसतें आणि पृष्ठभाग वाळून चिरत नाहीं. तें पुरतें सुकण्यापूर्वींच भाकरी उलटावी. सुकूं दिलें तर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजून तिच्यावर डाग पडले म्हणजे तवा उतरावा आणि पहिली बाजू निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर धरावी. आंतील पाण्याची वाफ होऊन ती पापुद्रा उचलते व भाकरी टम्म फुगते. थापणें अगदींच जमत नसेल तर कढत पाण्याच्या ह्याच पिठाचा गोळा हलक्या हातानें लाटावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

एवढें करूनही भाकरी मोडली तर दोष हाताचा नसून पिठाचा असण्याचा संभव आहे. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी जाते व त्यास कडवट वासही येऊं लागतो. म्हणून आठवड्यास पुरेल इतकेंच दळावें. विकत घेतलेल्या पिशवीवर दळण्याची तारीख पाहावी. कांहीं वेळां दोष पिठाच्याही मागें, शेतांत असतो. कापणीच्या सुमारास पाऊस लागून कणसांत दाणे काळे पडले किंवा मोडावले, तर त्यांतील पिष्ट फुटूं लागतें आणि अशा पिठाची भाकरी कांहीं केल्या जमत नाहीं. रब्बीचा दाणा बहुधा ह्या संकटांतून सुटतो. मोहोळ येथें निवड पद्धतीनें काढलेल्या मालदांडी ३५-१ ह्या वाणाचा टपोरा, मोत्यासारखा दाणा भाकरीसाठीं अजूनही नांवाजला जातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांतही तेथील काळ्या जमिनीचा व तिच्यांत टिकणाऱ्या ओलीचा वांटा मोठा आहे.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार भरडधान्यांचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें गेलें. सभा झाल्या, प्रदर्शनें भरलीं, ज्वारीचीं बिस्किटें निघालीं. त्यांस आमचा विरोध नाहीं. तथापि बिस्किट सणावारीं खाल्लें जाईल. भाकरी दोन्ही वेळां खाल्ली जाते. महाराष्ट्रांत रब्बी ज्वारीचें क्षेत्र गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ घटलें आहे. काढणीस मजूर मिळत नाहींत हें त्याचें एक कारण, आणि खाणारीं घरें कमी झालीं हें दुसरें. ज्वारी गेली म्हणजे केवळ धान्य जात नाहीं. तिच्याबरोबर कडबा जातो, आणि कडब्यावांचून कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यांतील जनावर उन्हाळा कशावर काढणार?

मजुरीचा प्रश्न एकट्या दुकट्यानें सुटणारा नाहीं. खाणाऱ्या घराचा प्रश्न मात्र आपल्या चुलीपाशींच सुटतो. फाल्गुनांत नवी ज्वारी खळ्यांतून घरीं आली कीं पहिलें पायलीभर दळण ह्याच कामासाठीं काढावें, आणि सुनेबरोबर मुलासही परातीपाशीं बसवावें. पहिल्या चार भाकरी वेड्यावांकड्या होतील. त्या दुधांत कुस्करून खाव्या. पांचवी नीट उतरेल.